दुसरा नारळ

वाइनच्या कंपनीत नोकरी लागली असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली. बाबा सिंधुदुर्गातून डिचोलीला आले ते खाणीवरच्या ट्रकचे क्लीनर म्हणून, पुढे ड्रायव्हर झाले, आणि खाणी बंद पडेपर्यंत त्यांचा हात स्टिअरिंगवरून निघाला नाही. हात जड. मी भिंतीवर जाऊन आदळले. ते स्वतः रोज संध्याकाळी काजूची फेणी घेतल्याशिवाय जेवायला बसत नसत, पण मुलीने दारूच्या कारखान्यात जावं हे त्यांना चालेना.

"दारू विकूक तुका शिकवलंय?"

"विकायची नाही. पेपरवाल्यांशी बोलायचं," मी गाल धरून म्हटलं. "जनसंपर्क म्हणतात त्याला."

"कसलो संपर्क?"

आई आतून ओरडली, "तुमी पितात ता चलता, आणि चेडू पेपरात लिवतला ता चलना नाय?"

बाबा उठून पडवीत गेले. दुसऱ्या दिवशी मी सुजलेला गाल घेऊनच कामावर रुजू झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. कॉलेजच्या लायब्ररीत पंखा होता म्हणून मी उन्हाळाभर तिथे बसायचे आणि बसून बसून वाचायचे. माझी पदवी अशी आली, आणि ती मला फुकट मिळालेली नाही.

वाइनरी पेडणे तालुक्यात, चोपड्याच्या नदीपासून आत, एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. गावाचं नाव मी लिहीत नाही. द्राक्षं तिथे पिकत नव्हती. ती घाटावरून ट्रकने यायची, ताडपत्रीखाली, आणि मागच्या फाटकातून आत जायची. पुढच्या फाटकाशी मात्र एक मांडव होता. कुंड्यांतले वेल त्यावर चढवलेले. पाहुणे, पत्रकार, मांद्र्याच्या किनाऱ्यावरून येणारे परदेशी, सगळे त्या मांडवाखाली उभे राहून फोटो काढत. दारूची जाहिरात करायला कायद्याची बंदी, त्यामुळे वाइनवाल्यांचं सगळं पोट बातमीवर. पेपरात फोटो आला तर माल हलतो. म्हणून माझी नोकरी. मी प्रेस नोटमध्ये 'आमची वाइनरी' लिहायचे, आमचे साहेब ते खोडून 'आमचे द्राक्षमळे' करायचे. मी पुन्हा 'वाइनरी' करायचे. कधी ते जिंकत, कधी मी.

साहेब मुंबईचे. वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त गाव कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नव्हतं.

नव्या टाक्यांची शेड बांधून झाली तेव्हा साहेबांनी ठरवलं, उद्घाटन गावच्या पद्धतीने करायचं. म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या भागात कुठलंही काम सुरू करताना गावचा मानकरी देवापुढे, जागा राखणाऱ्या राखणदारापुढे उभा राहून मोठ्याने सांगतो, बाबा, असं असं काम काढलंय, चुकलंमाकलं सांभाळून घे, आणि जमलेले प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. मग नारळ. गाऱ्हाणं कोणी घालायचं, नारळ कोणी फोडायचा, याला मान म्हणतात. हा मान ज्या घराचा त्याच घराचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

त्या गावात मानावरून दोन घरांचा वाद होता. जुना, रक्त सांडलेला वाद. एका शिगम्यात पालखी कोणी आधी उचलायची यावरून देवळाच्या आवारात डोकी फुटली होती. तेव्हापासून पालखी कुलपात आणि किल्ली मामलेदाराकडे. गाऱ्हाण्याचा मान मात्र एका घराचाच, हे दुसरं घरही कबूल करत असे. त्या घरचे वडीलधारे म्हणजे आबा. सगळा गाव त्यांना आबाच म्हणे, म्हणून मीही.

मी जाऊन आबांना बोलावणं केलं. त्यांनी मला बसायला कदेल दिली, चहा दिला, आणि विचारलं, "वायनीचो देव खंयचो गो?"

"तुमचाच की आबा. जमीन तुमच्या राखणदाराची."

"मगे येतंय."

ठरल्या दिवशी सकाळी आबा आले. पंचा नेसून, पायात काही नाही. टाक्यांपुढे उभे राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. कामगारांचीच नाही, घाटावरून द्राक्षं आणणाऱ्या ट्रकवाल्यांचीही नावं घेतली, त्यांच्या चाकाला खड्डा न लागो म्हणून. आम्ही 'व्हय महाराजा' म्हटलं. नारळ एका घावात फुटला. आबांनी प्रसाद वाटला आणि कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून घरी गेले.

पत्रकार आलेच नव्हते. पेडण्यात कुणा पुढाऱ्याची पत्रकार परिषद लांबली होती. ते आले तेव्हा शेडमध्ये खोबऱ्याचे तुकडे आणि मुंग्या.

साहेबांनी मुंबईच्या एजन्सीच्या एक मॅडम या कार्यक्रमासाठी आणल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही. परत करू."

"मॅडम, गाऱ्हाणं परत होत नाही. देवाला एकदा सांगितलं की सांगितलं."

"देवाला नाही गं, कॅमेऱ्याला."

"आबा घरी गेले."

"मग दुसरं कुणीतरी."

त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि त्यांची नजर बाटलीभरणीच्या सुपरवायझरवर थांबली. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. उंच, भरघोस मिशा, आणि कपाळाला गंध. दादा दुसऱ्या घरातला. पालखीच्या वादातल्या त्या दुसऱ्या घरातला. हे मॅडमना कसं माहीत असणार? मी साहेबांना सांगितलं. त्यांच्या कानाशी जाऊन, मग मोठ्याने. "सर, हा त्या घरातला आहे. याच्या हातात नारळ देऊ नका. मारामारी होईल."

"फोटोवरून कोण मारामारी करतं? तू पत्रकारांच्या जेवणाचं बघ."

दादा स्वतः मागे सरकला. "सर, माझो मान नाय. माझ्या घराचोय नाय."

"अरे, मान नाही, फोटो आहे," साहेब हसून म्हणाले, आणि मॅडमनी सजावटवाल्यांकडून आणलेला भगवा फेटा दादाच्या डोक्यावर बांधला. आमच्या गावांत असा फेटा कोणी बांधत नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण समोर पगार देणारा उभा होता, आणि घरात त्याची बायको आणि शाळेतल्या दोन मुली होत्या. त्याने नारळ घेतला. एका फोटोग्राफरने "हसा" म्हटलं. तो हसला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो चार कॉलम रुंद आला. 'गावचे मानकरी गाऱ्हाणे घालताना.' माझ्या प्रेस नोटमध्ये तसं कुठेही नव्हतं. मॅडमनी परस्पर फोनवरून ओळ पाठवली होती. साहेब खूश. त्यांनी पेपर कापून फळ्यावर लावला.

मी पेपर हातात घेऊन थेट बाटलीभरणीकडे पळाले. दादाला सांगायचं होतं, चार दिवस कुठेतरी जा, बायकोच्या माहेरी चोपड्याला जा. मी पोचेपर्यंत ते आत शिरले होते.

आबांचे तीन पुतणे. एक आमच्याच लोडिंगला होता, म्हणून सिक्युरिटीने फाटक उघडलं. दुसरा मांद्र्याला टॅक्सी चालवायचा. तिसरा, सगळ्यांत थोरला, शेती करायचा, आणि त्याच्या हातात गुंडाळलेला पेपर होता. त्याने तो पेपर दादाच्या तोंडावर मारला.

"काय रे, मानकरी?"

"माझी चूक नाय. तेंका मी सांगितलंय..."

"हसतंस मगे कित्याक? हयसर हसतंस तू!" त्याने फोटोवर बोट ठेवलं.

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि टॅक्सीवाल्याने त्याच्या पोटात लाथ घातली. तो पट्ट्यावर कोसळला. भरलेल्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटायला लागल्या. पट्टा चालूच होता, कुणी बंद करत नव्हतं, त्यामुळे बाटल्या मागून येत आणि फुटत राहिल्या. लोडिंगवाल्याने दादाला कॉलर धरून वर ओढलं आणि स्टीलच्या मेजावर त्याचा उजवा हात दाबून धरला.

"ज्या हातान नारळ फोडलंस तो ह्योच मां?"

थोरल्याने पाईप आवळायचा मोठा पाना उचलला. मी ओरडले. मी एक बाटली उचलून थोरल्याच्या पाठीत घातली, ती फुटली नाही, नुसती दणकली. त्याने मागे न बघता कोपर मारलं. माझा ओठ दातांत गेला आणि मी ओल्या जमिनीवर बसले. तिथून मी पाहिलं. पाना खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. दादाच्या ओरडण्यापेक्षा हाडांचा आवाज मला जास्त ऐकू आला. नारळाचा आवाज असा नसतो. हा ओला असतो.

वाइन आणि रक्त एकत्र सांडलं की ओळखता येत नाही असं लोक लिहितात. ज्यांनी पाहिलं नाही ते लिहितात. वाइन पातळ असते, पसरते, आंबूस वास येतो. रक्त जागच्या जागी राहतं, काळपट होतं, आणि त्यावर वाइनचा ओघळ आला तरी ते त्याच्यात मिसळत नाही. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे दिसत नाही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कामगारांनी काढलेला व्हिडिओ पोलीस येण्याआधी सगळ्या गोव्यात फिरला. त्यात अख्खी शेड लाल. त्यातलं निम्म्याहून जास्त आमच्या पोर्ट वाइनचं होतं.

दादाला म्हापशाहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. माझ्या ओठाला म्हापशाच्या इस्पितळातच टाके पडले. मी अजून बाकावरच होते तोवर काल आमच्याकडे जेवून गेलेल्या पत्रकाराचा फोन आला. "ताई, मेले किती?"

"कोणी मेलं नाही."

"व्हिडिओत तर..."

"तो वाइनचा पूर आहे. तुम्हाला काल दोन दोन ग्लास दिले तेच."

तो हसला नाही. "पण कारण काय? मॅनेजमेंटचं स्टेटमेंट कधी देताय?"

स्टेटमेंट साहेबांच्या केबिनमध्ये तयार होतं. मॅडम मुंबईहून फोनच्या स्पीकरवर, कंपनीचे वकील समोर. वकिलांनी वाचून दाखवलं. कामगारांच्या दोन गटांत मद्याच्या अमलाखाली खासगी कारणावरून वाद झाला, जखमी सुपरवायझर घटनेच्या वेळी नशेत होता, कंपनीचा याच्याशी संबंध नाही. खाली माझं नाव, माझा नंबर.

"दादा पीत नाही," मी म्हटलं. ओठ सुजल्यामुळे शब्द वाकडे निघत होते. "एकदा चाखायला म्हणून घेतली आणि टाकीच्या मागे जाऊन ओकला. बाटलीभरणीवाले अजून त्याला चिडवतात. तो नशेत होता असं मी लिहिणार नाही."

"तू लिहू नकोस, फक्त पाठव," मॅडम स्पीकरमधून म्हणाल्या.

"नशेत होता म्हटलं की भरपाईही द्यावी लागणार नाही, खरं ना?" मी वकिलांना विचारलं. त्यांनी पेन फिरवलं. म्हणजे खरं.

साहेब उठले. "मग काय लिहू? फोटोपायी हात तोडला असं? मग फोटो कुणी काढायला लावला हे आलं. गाऱ्हाणं खोटं होतं हे आलं. एकदा हे खोटं निघालं की लोक विचारतील मांडव खरा का, द्राक्षं खरी का! संपलो आपण."

"मांडव खोटाच आहे, सर."

त्यांनी मेजावरचा चाखायचा ग्लास उचलून माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर फेकला. मला मारायला नव्हता. पण काच माझ्या केसांत आली. "उद्या सकाळपर्यंत पाठव," ते म्हणाले. "नाहीतर यायचं नाही."

मी केस झटकले आणि बांबोळीला गेले. मला वाटत होतं, दादाला सांगावं की मी असलं काही जाऊ देणार नाही. त्याला धीर येईल.

दादाचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकावं लागलं होतं. बायको पायाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. त्याने डोळे उघडले.

"पाठव," तो म्हणाला.

"काय?"

"तां पाठव गो बाय. मी पियालेलो होतंय म्हणान लिव. बेबदो म्हणान लिव."

मला वाटलं भूल उतरली नसेल. बेबदो म्हणजे आमच्याकडे नुसता पिणारा नाही. गटारात पडणारा. ज्याच्या मुलीला स्थळ येत नाही तो.

"दादा, तुम्ही पीत नाही."

"आमच्या भावाची गवताची उडवी जाळल्यानी आज. भर दुपारी. आवशीक दगड मारलो." तो थांबून थांबून बोलत होता. "आमचो भाऊस कोयतो घेवन बसलो हा. उद्या तो तेंचो एक मारतलो. मगे ते आमचो. पालखीच्या वक्तार माझ्या काकाचो डोळो गेलो, तुका म्हायत नाय. मी शुद्धीत नारळ फोडलंय म्हणजे आमच्या घरान मान मागलो. असोच अर्थ जाता. बेबद्यान फोडलो तर काय? बेबद्याचो मान कोण धरता? सगळे हसतले आणि गप रवतले."

बायको उसळून उठली. "हात गेलो, आता नाव पण घालव! आणि कंपनी काय दितली? बेबद्याक नोकरी दितली? पोरींका काय सांगू?"

"घर जळण्यापरास बरा."

"मगे घर तरी कोणाच्या पगारान चलतला?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसून ऐकायला लागला. नर्स येऊन ओरडली. बायकोने माझा हात घट्ट धरला होता आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. ती मला सांगत होती खरं लिही. तो सांगत होता खोटं लिही, नाहीतर उद्या माझा भाऊ मरेल किंवा मारेल. मी, खरं बोलायचा एवढा ताठा असलेली, मध्ये उभी. त्याच्या बाजूने त्याचंही काही चुकत नव्हतं. घर वाचवायला माणूस स्वतःलाच चिखलात फेकत होता.

बाहेर पायऱ्यांवर पत्रकार थांबलेले. व्हॅनमधून कॅमेरा निघाला. मला ओळखून ते धावत आले. एकाने माझ्या ओठाकडे पाहून विचारलं, "ताई, तुम्हालाही मारलं?"

"लागलं."

"कंपनीचं अधिकृत म्हणणं?"

त्या क्षणी मला जे सुचलं ते शाळेत-कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. दादा म्हणत होता त्यातलं महत्त्वाचं एवढंच होतं, की नारळ त्याने फोडला याचा अर्थ बदलला पाहिजे. तो बेबदा झाला तर अर्थ बदलतो. पण फोडायला लावणारा दुसरा असला तरी बदलतो.

मी म्हटलं, "काल सकाळी आबांनी गाऱ्हाणं घातलं आणि आबांनीच नारळ फोडला. मान आबांचा होता आणि आबांनाच दिला. तुम्ही सगळे उशिरा आलात. तुम्हाला फोटो हवा होता म्हणून कंपनीने नंतर दुसरा नारळ आणला आणि सुपरवायझरच्या हातात दिला. तो म्हणाला, माझा मान नाही. तरी त्याला फोडायला लावला. तो गाऱ्हाण्याचा नारळ नव्हता. कॅमेऱ्याचा नारळ होता. त्याने किंवा त्याच्या घराने कुठलाही मान मागितलेला नाही. आणि तो पीत नाही."

"हे कंपनीचं म्हणणं आहे?"

"मी कंपनीची जनसंपर्क अधिकारी आहे. मी बोलते तेच अधिकृत."

त्यांनी ते कापलं. ते कापणार हे मला माहीत होतं, पेपरवाले उशिरा आले हा भाग त्यांनी ठेवला असता तर आश्चर्य. पण 'कंपनीने फोडायला लावला' आणि 'मान आबांचाच' एवढं राहिलं. गावातल्या प्रत्येक फोनवर ते गेलं. आबांना कुणीतरी तवेर्नात, गावच्या दारूच्या दुकानात बसवून, आवाज मोठा करून ऐकवलं. आबांनी ते दोनदा ऐकलं म्हणे, आणि म्हणाले, "मगे त्या पोराचो गुन्हो नाय. आमच्या पोरांनी उगीच तेचो हात मोडलो." मग थोड्या वेळाने, "हसले कोण? ते कंपनीवाले हसले आमका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला चाखायच्या दालनात बोलावलं. समोरची अख्खी भिंत काचेची, बाहेर मांडव. साहेबांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा. "तू काय केलंस तुला कळतंय? आपल्या कंपनीचं घर फोडलंस तू. ज्या घराने तुला..."

पहिला दगड काचेतून आला आणि बाटल्यांच्या मांडणीवर पडला. मग एकदम पाऊस पडावा तसे. काच आत कोसळली, एका झटक्यात, पडदा ओढावा तशी. माझ्या कपाळावर काहीतरी गरम झालं. साहेब मेजाखाली गेले. "जा! बोल त्यांच्याशी! तुझी माणसं आहेत ती!"

मी बाहेर गेले. खरं सांगते, घाबरले नव्हते. मला पाहायचं होतं कोण आहे.

मांडवासमोर गाव उभा होता. टॅक्सीवाला पुतण्या, जो अजून पोलिसांना सापडला नव्हता. आबांच्या वाड्यावरची माणसं. आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून नाही पण एकाच रांगेत, दादाचा भाऊ आणि त्यांच्या घरातले. पालखीच्या मारामारीनंतर ही दोन घरं एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. कोणी एकमेकांकडे पाहत नव्हतं. सगळे दगड मारत होते.

टॅक्सीवाला मला बघून थांबला. "तुका लागला काय गो?"

"लागला."

"मगे बाजूक ऱ्हव," तो म्हणाला, आणि मी सरकल्यावर त्याने दगड मांडवावर घातला. मांडव पडला. कुंड्या फुटल्या. दादाच्या भावाने वेल उपटून उपटून फेकले, जसं भाताच्या वाफ्यातलं तण फेकतात. कामगारांना कोणी हात लावला नाही. पोलिसांच्या गाड्या दिसल्यावर सगळे आंब्याच्या बागेतून पांगले.

माझ्या नोकरीचं काय झालं हे सांगायला नको. फळ्यावरचं ते कात्रण सिक्युरिटीने नंतर काढलं, असं ऐकलं. नशेचं स्टेटमेंट कधी बाहेर पडलं नाही. पडूच शकत नव्हतं, कारण अधिकृत म्हणणं आधीच गेलेलं. त्याच आधारावर दादाची भरपाईची केस उभी आहे, अजून चालू आहे.

दगडफेक झाली त्याच दुपारी पोलीस स्टेशनात फौजदारांनी मला कदेल दिली. जबाब घ्यायचा होता. दादावरच्या हल्ल्याचा मी पूर्ण दिला, पान्यासकट, नावांसकट. मग त्यांनी पान उलटलं.

"आता दगडफेक. कोण कोण होतं?"

"माहीत नाही."

"तुम्ही बाहेर गेला होतात. समोर उभ्या होतात."

"कपाळावरून रक्त येत होतं. डोळ्यांत गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाचं नाव घेतलं तर कोणाचं आधी लिहिलं जाईल, कुठल्या घराचे जास्त आत जातील, आणि मग कोण कोणाच्या घरावर जाईल, हे मला दिसत होतं. आबांचा एक माणूस जास्त अडकला तर दादाच्या घरावर पुन्हा काही पेटेल.

"काल टीव्हीवर तर फार ठणकावून खरं बोलत होतात," फौजदार म्हणाले. "आज एकही चेहरा नाही?"

"नाही."

"कोर्टात हेच सांगणार?"

"हेच."

त्यांनी सही घेतली. मी बाहेर आले तर ओट्यावरच्या बाकावर पकडून आणलेले दोघं बसले होते. एका टोकाला टॅक्सीवाला पुतण्या, दुसऱ्या टोकाला दादाचा भाऊ. दोघांच्याही हातांना काचेचे ओरखडे. शिपाई पेपर वाचत होता. त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या भावाने खिशातून बिडीचं बंडल काढलं, एक स्वतः ओढायला घेतली, आणि बंडल बाकावर मध्ये ठेवलं. टॅक्सीवाल्याने ते उचललं की नाही हे बघायला मी थांबले नाही. कपाळावरची पट्टी ओली झाली होती आणि डिचोलीपर्यंत स्कूटर चालवायची होती.